पेन्शन ५२ हजार, परदेशात दोघांचं वेगळं बिऱ्हाड. भागेल का? लवकर सांगा

निवृत्त_मास्तर
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. मला महिना ५२ हजार पेन्शन आहे. मी आणि सौ., दोघंच. सध्या मुलाकडे राहतो, आता जवळच वेगळी जागा भाड्याने घ्यायचं ठरवलं आहे. बाहेरचं खाणं नाही, व्यसन नाही, गाडी नको. दोन माणसांना महिन्याला किती लागतात एवढंच सांगा. नेटवर कुणी १,५०० म्हणतं, कुणी ६,०००. घरमालकाला या महिनाअखेर हो-नाही कळवायचं आहे. तत्त्वज्ञान नको, आकडे द्या.

खडूस
काका, १,५०० काय? डॉलर, पौंड, दिऱ्हॅम? देश कोणता ते तरी लिहा.

निवृत्त_मास्तर
अमेरिका. मुलगा म्हटल्यावर उघड आहे.

खडूस
माझा मुलगा नागपुरात आहे. असो. राज्य कोणतं?

सरळवाट
अमेरिका डोक्यातून काढून टाका. निवृत्तांसाठी थायलंड. वय ५० पूर्ण हवं, बँकेत ८ लाख बाट ठेवा किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा, वर्षभर राहायला मिळतं आणि पुढे दरवर्षी मुदत वाढते. चिआंग माईची हवा छान, इस्पितळं उत्तम, फळं तर विचारूच नका. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, तेवढीच कटकट.

हिशेबनीस
@सरळवाट, ५२ हजार रुपये म्हणजे १८-१९ हजार बाट. अट ६५ हजारांची. उरलेले तुम्ही घालणार का?

सरळवाट
८ लाख बाटांचा पर्याय वर लिहिलाय, वाचा की.

निवृत्त_मास्तर
मला थायलंडला जायचं नाही. न्यू जर्सी, एडिसन.

मीनल_क्वीन्स
काका, घाईत आहात म्हणून एकदमच विचारते. तुमचं वय, सौ.चं वय? ग्रीन कार्ड आहे की व्हिजिटरवर आहात? कार्ड असेल तर किती वर्षं झाली? भाडं किती, त्यात हीट आणि पाणी धरून का? मुलगा काही देणार आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इन्शुरन्स काय आहे? यातलं एकही न कळता आकडा दिला तर तो खोटाच असेल.

आळशी_बोका
मुलाकडून वेगळं का व्हायचंय पण? सुनेचं पटत नाही का? आमच्याकडेही तेच झालं. आई-बाबांना वरच्या मजल्यावर वेगळा ओटा करून दिला, वर्षभर शांतता आहे. सुनेशी एकदा मोकळेपणी बोलून बघा.

निवृत्त_मास्तर
सुनेबद्दल मी काही विचारलेलं नाही. सून चांगली आहे.
@मीनल: मी ६७, सौ. ६५. दोघांचं ग्रीन कार्ड, दोन वर्षं झाली. एक बेडरूम, १,९५० डॉलर, हीट-पाणी धरून. इन्शुरन्स मुलाने काहीतरी काढला आहे. आता तरी सांगा.

हिशेबनीस
रुपया नव्वदीच्या आसपास आहे. ५२ हजारांचे जेमतेम पावणेसहाशे डॉलर होतात. भाडंच १,९५०. हा धागा इथेच संपला, काका.

निवृत्त_मास्तर
भाडं मुलगा भरणार आहे. ते मी धरलंच नव्हतं. शिवाय गावाकडे बँकेत ४० लाखांच्या एफडी आहेत, त्यांचं व्याज वेगळं.

खडूस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर थायलंड टळलं असतं.

हिशेबनीस
बरं, मग हिशेब बदलला. एफडीवर ७ टक्के धरले तर वर्षाला २ लाख ८० हजार. पण खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) असेल तर व्याजावर ३० टक्के आणि सेस कापला जातो, ज्येष्ठ असलात तरी १५ एच (कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) चालत नाही. अमेरिकेचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म ६१६६, काढून बँकेला दिलंत तर दोन देशांच्या करारानुसार १५ टक्क्यांवर येतं. खातं अजून साधं बचतच असेल तर आधी एनआरओ करून घ्या, फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम आहे. पेन्शनही त्यात जमा होते.
पेन्शन आणि व्याज मिळून कर कापून महिन्याला हातात ८०० डॉलर. दोघांचा किराणा-भाजी ४५०, वीज ८०, फोन-इंटरनेट ७०, बस-उबर १००. एकूण ७००. म्हणजे कुणी आजारी पडलं नाही तर भागतं.

निवृत्त_मास्तर
धन्यवाद. हेच हवं होतं. मग हो कळवतो.

मीनल_क्वीन्स
थांबा काका!! "आजारी पडलं नाही तर" याच्यावरच तर सगळं अडलंय. मुलाने काढलेला इन्शुरन्स नक्की कोणता? कागदावर "ट्रॅव्हल" किंवा "व्हिजिटर" असं काही लिहिलंय का? आणि बीपी, शुगर, स्टेंट, काही आहे का?

निवृत्त_मास्तर
व्हिजिटरच लिहिलेलं आहे. बीपी-शुगर या वयात कुणाला नसते. किरकोळ आहे.

मीनल_क्वीन्स
मग तुम्हाला इन्शुरन्स नाही असंच धरा. आधीपासूनच्या आजारांचं हे प्लॅन एकतर देतच नाहीत किंवा अगदी थोडं देतात. शुगर आहे म्हटलं की पायाच्या जखमेपासून डोळ्यांपर्यंत सगळं त्यातच ढकलतात. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे झालंय, फक्त एका रात्रीच्या निरीक्षणाचं बिल आम्ही हप्त्यांनी फेडतोय.

अण्णा_ह्यूस्टन
उगाच घाबरवू नका काकांना. ६५ च्या वर ना? मेडिकेअर आहे की, ६५ वरच्यांचा सरकारी विमा! आमच्या शेजारचे आजोबा सगळं त्यातच करतात.

मीनल_क्वीन्स
शेजारच्या आजोबांनी इथे दहा वर्षं नोकरी केली असेल. ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्यांना सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. त्यातही २०२६ चे दर बघा: पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) माणशी महिना २०२.९० डॉलर, आणि नोकरीचे क्वार्टर (कमाईवर मिळणारी क्रेडिट्स, वर्षाला चार) अजिबात नसतील तर पार्ट ए (इस्पितळाचा भाग) ५६५ डॉलर. दोघांचे दोन्ही घेतले तर दीड हजारावर जातं. काकांना त्यालाही अजून तीन वर्षं आहेत.

निवृत्त_मास्तर
मुलगा पंधरा वर्षं टॅक्स भरतो आहे. त्याचं आम्हाला काहीच मिळत नाही?

मीनल_क्वीन्स
नाही. नवरा-बायकोचे क्वार्टर एकमेकांना चालतात, मुलाचे आई-वडिलांना चालत नाहीत. उलट त्याने तुमच्या कार्डासाठी आय-८६४ वर सही केली आहे, म्हणजे तुमचा भार सरकारवर पडू देणार नाही असं लिहून दिलंय. तुम्ही नागरिक होईपर्यंत किंवा तुमचे ४० क्वार्टर होईपर्यंत ती सही लागू राहते.

अण्णा_ह्यूस्टन
मग ओबामाकेअर घ्या, सरकारी सबसिडीवाला खाजगी विमा. उत्पन्न कमी असलं की जवळजवळ फुकट. माझ्या मेहुण्याच्या आईला ग्रीन कार्डच्या पहिल्याच वर्षी मिळालं होतं. उगाच गुंतागुंत करता तुम्ही लोक.

हिशेबनीस
कधीची गोष्ट? मेडिकेडसाठी (गरिबांचा सरकारी विमा) पाच वर्षं थांबावं लागणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांना, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असलं तरी, मार्केटप्लेसवर (ओबामाकेअरचे प्लॅन मिळतात तिथे) सबसिडी मिळायची. ती सूट २०२५ च्या कायद्याने काढली. १ जानेवारी २०२६ पासून उत्पन्न रेषेच्या वर असेल तरच सबसिडी. दोघांच्या कुटुंबाला २०२६ साठी ती रेषा वर्षाला २१,१५० डॉलर. काकांचं पेन्शन-व्याज कर कापायच्या आधी धरलं तरी दहा हजार होतं. म्हणजे गरीब आहात म्हणूनच सवलत नाही, असा प्रकार आहे.

अण्णा_ह्यूस्टन
असं कसं असेल? तर्काला धरून नाही.

खडूस
कायदा आणि तर्क, अण्णा?

मीनल_क्वीन्स
@हिशेबनीस बरोबर सांगताहेत. बिनसवलतीचा हप्ता या वयाच्या दोघांना दोन हजार डॉलरच्या पुढे जातो, आम्ही विचारून बसलोय. काका न्यूयॉर्कमध्ये असते तर मेडिकेडसाठी पाच वर्षांची अटच नव्हती, राज्य स्वतःच्या पैशातून देतं. न्यू जर्सीत तुमच्यासारख्यांना थांबावं लागतं. म्हणूनच राज्य कळणं गरजेचं होतं आणि मी कार्डाची वर्षं विचारत होते.

पैसापाणी
धागा उशिरा बघतोय. काका, भारतात म्युच्युअल फंड आहेत का? असतील तर ताबडतोब सीएला गाठा. अमेरिकेच्या दृष्टीने ते पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, दरवर्षी फॉर्म ८६२१, कर जबरी. आणि बाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेले की एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचाच, कर शून्य असला तरी. ४० लाख म्हणजे तुम्ही केव्हाच वर आहात.

निवृत्त_मास्तर
म्युच्युअल फंड नाहीत. एफबार काय ते मुलाला विचारतो. मूळ प्रश्नावर या.

आळशी_बोका
हयातीच्या दाखल्याचं काय करता काका? नोव्हेंबरात दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. माझ्या मावशीची थांबली होती. वकिलातीत जाऊन सही घ्या, न्यूयॉर्कचं दूतावास कार्यालय करून देतं.

पैसापाणी
वकिलातीत कशाला? जीवन प्रमाण, फोनवर चेहरा दाखवायचा, पाच मिनिटांत काम.

आळशी_बोका
आधारला जुना नंबर असेल तर ओटीपी कुठे येणार? म्हाताऱ्या माणसाचा चेहरा ॲप ओळखत नाही. प्रत्यक्ष सहीच बरी.

पैसापाणी
माझ्या वडिलांचा ८१ व्या वर्षी ओळखला.

हिशेबनीस
तुमचं चालू द्या. काका, एक मार्ग दिसतो तो लिहितो. तुम्ही दोघांनी किंवा एकाने अर्धवेळ काम करून वर्षाला साधारण १२-१३ हजार डॉलर कमावले आणि रीतसर टॅक्स रिटर्न दोघांचं मिळून भरलं, तर उत्पन्न रेषेच्या वर जातं. मग सबसिडी मिळते आणि इतक्या कमी उत्पन्नावर बेंचमार्क सिल्व्हर प्लॅन (सबसिडी ज्यावरून मोजतात तो मधला प्लॅन) महिना चाळीसेक डॉलरमध्ये पडतो. शिवाय २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक क्वार्टर, म्हणजे वर्षाचे चारही पदरात. तुम्ही शिक्षक होतात ना? नावावरून म्हणतो. मुलाने तुम्हाला त्याच्या रिटर्नवर अवलंबित दाखवलंय का ते आधी बघा, तसं असेल तर हे सगळं गणित बिघडतं. मुलाने दिलेलं भाडं मात्र उत्पन्न धरत नाहीत.

निवृत्त_मास्तर
जिल्हा परिषदेत गणित शिकवत होतो. शिकवण्या करू शकेन. मुलाने सौ.ला दाखवलं आहे असं वाटतं, विचारतो.

मीनल_क्वीन्स
विचाराच. आणि शिकवण्यांचे पैसे रोख घेऊन गप्प बसू नका, रिटर्नमध्ये दिसले तरच त्यांचा उपयोग.
दुसरं, १,९५० चं घर घेण्याआधी सेक्शन २०२ च्या, म्हणजे सरकारी मदतीवरच्या कमी भाड्याच्या, सीनियर इमारतींत नाव घाला. ६२ च्या वर, उत्पन्न कमी, ग्रीन कार्ड चालतं, पाच वर्षांची अट नाही. भाडं हिशेबी उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. यादी वर्षानुवर्षं लांब असते, म्हणूनच आज घाला. एका इमारतीत नाही, चार-पाच ठिकाणी.

खडूस
एक कडू विचारतो, रागावू नका. ५२ हजार हे अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) कपात होऊन आहेत का? आणि तुमच्या माघारी काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन किती, ते पाहिलंय? शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतं, तुमचं ५० टक्के. परदेशात एकट्या माणसाचं भाडं आणि इन्शुरन्स निम्म्यावर येत नाही.

निवृत्त_मास्तर
कपात होऊन. १५ वर्षं झाली की पूर्ण मिळेल, त्याला अजून सहा वर्षं आहेत. कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद गावच्या कपाटात आहे, हिवाळ्यात गेलो की काढतो.

हिशेबनीस
हिवाळ्यात गेलो की?

निवृत्त_मास्तर
आम्ही नोव्हेंबर ते मार्च गावीच असतो. थंडी सोसत नाही. हयातीचा दाखलाही बँकेत जाऊन सही करून देतो. त्याबद्दल कुणी विचारलं होतं?

आळशी_बोका
🤦

पैसापाणी
मग वकिलात नको आणि ॲपही नको. मिटलं.

मीनल_क्वीन्स
काका, मग पाच महिने रिकाम्या घराचं भाडं मुलगा भरणार? जवळजवळ दहा हजार डॉलर. तेवढ्यात इन्शुरन्सचा मोठा भाग निघेल. आणि मुक्काम लांबवू नका हं. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर नागरिकत्वाच्या वेळी प्रश्न विचारतात, आणि मेडिकेअरलाही सलग पाच वर्षं राहिल्याचं दाखवावं लागतं.

सरळवाट
हिवाळ्यात थंडी सोसत नाही म्हणतात आणि थायलंड नको म्हणतात!

हिशेबनीस
माझं मत: वर्षाचा करार करू नका. सध्या मुलाकडेच राहा किंवा एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्यापुरती खोली बघा. वाचलेल्या भाड्यातून इन्शुरन्स. वेगळं घर नंतर.

निवृत्त_मास्तर
सात महिन्यांचा करार कुणी देतं का पण? घरमालक वर्षाचाच मागतो.

मीनल_क्वीन्स
मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये क्वचित. आपल्या लोकांची घरं बघा, एडिसन-आयसेलिनला तळमजल्यात किंवा बेसमेंटमध्ये जागा देतात. बेसमेंट असेल तर टाउनशिपची परवानगी आहे का ते विचारा, आणि करार लेखीच घ्या, ओळखीचे असले तरी.

निवृत्त_मास्तर
घरमालकाला आत्ताच नाही कळवलं. बेसमेंट नको, सौ.चे गुडघे दुखतात. बिनजिन्याची, किचन असलेली जागा एप्रिलपासून कुणाच्या पाहण्यात असेल तर व्यनि करा. बस स्टॉप चालत जाण्याइतका जवळ हवा. शाकाहारी आहोत.

अण्णा_ह्यूस्टन
ह्यूस्टनला या काका, थंडीच नाही. माझ्याकडे तळमजला रिकामा आहे.