मदत हवी आहे: शिरीषाच्या गाठीचा वाडगा फुटतोय

मंडळी, पावसाळ्यात सोसायटीतलं शिरीषाचं झाड पडलं. त्याच्या खोडावरची कलिंगडाएवढी गाठ मी गोरेगावच्या घरी उचलून आणली (बायको अजून नीट बोलत नाही). आता लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र) शोभेचा वाडगा कातायला घेतलाय. बाहेरून छान जमला, पण आत पोखरताना लाकडात अडकलेल्या सालीचे खिसे निघाले आणि काठाचा नखाएवढा टवका उडाला. गाठीत लाकडाच्या रेषा वाटेल तशा फिरतात, गोल पटाशी मध्येच अडकते. भेगांत पातळ सुपरग्लू सोडलं, तर फिक्या लाकडावर काळपट डाग! आधी सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) मारायला हवा होता का? भिंत सध्या 12 मिमी आहे. मुंबईच्या दमट हवेत आत्ताच पातळ करू, की भुशासकट कागदी पिशवीत हळूहळू वाळायला महिनाभर ठेवू?