बसमधला शेवटचा बाक : मस्ती म्हणायची की छळ?

ए-२०३ (सकाळी ७:४२)
सुप्रभात. कालही माझा मुलगा भांडुपपासून गांधीनगर जंक्शनपर्यंत शाळेच्या बसमध्ये उभाच होता, कारण मागच्या तिघांनी त्याच्या जागेवर दप्तरे ठेवली होती. बोलताना तो अडखळतो म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून त्याला ‘स्लो लोकल’ म्हटले जाते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. मला हा छळ वाटतो. तिघांपैकी दोघे आपल्याच सोसायटीतील आहेत. मी नावे लिहीत नाही.

बी-७०१
ताई, आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो की मुले एकमेकांना नावे ठेवतातच. माझ्या मुलाला ‘बटाटा’ म्हणतात, पण मी त्यावर कधी ग्रुपवर निबंध लिहिला नाही. बारा वर्षांच्या मुलांच्या मस्तीला छळ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

सी-५०४
हा विषय शाळेचा आहे. ग्रुपवर केवळ सोसायटीचे विषय घ्यावेत, असे सर्वसाधारण सभेत ठरलेले आहे.

सी-४०२ (बाई)
मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे ‘मस्ती’ हा शब्द मी पालकांकडून पुष्कळ ऐकला आहे. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाची, म्हणजे ‘बुलिंग’ची, जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा दिला जातो आणि सोसणारा देणाऱ्याच्या बरोबरीचा नसतो. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी, बहुधा अशाच छळापायी, आत्महत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी तेथे देशभरातील शाळांसाठी मोहीम सुरू झाली, तिच्यामागे त्यांचेच काम होते. ७०१, तुमचा मुलगा ‘बटाटा’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी ‘भोपळा’ म्हणू शकतो. जो मुलगा शब्दावरच अडखळतो, त्याने तिघांना उलट उत्तर कसे द्यायचे?

ए-१०४
बाई, व्याख्या फारच उपयुक्त आहे. कमिटीने गेल्या महिन्यात माझ्या गाडीच्या काचेवर चार वेळा स्टिकर चिकटवले. जाणूनबुजून चिकटवले, पुन्हापुन्हा चिकटवले आणि कमिटीत सात जण असून मी एकटा आहे. माझाही छळ नोंदवून घ्यावा. 😄

सी-४०२ (बाई)
एक गाडी आडवी लावून दोन गाड्यांची जागा अडवणारा माणूस दुर्बल ठरत नाही. तुमचा अर्ज फेटाळला आहे.

सेक्रेटरी
पार्किंगचा विषय रविवारी घेऊ. कृपया मूळ मुद्द्यावर बोलावे.

सी-५०४
मूळ मुद्दा हाच आहे, की हा विषय शाळेचा आहे. (पुन्हा पाठवत आहे.)

बी-३०१
वकील या नात्याने थोडी भर घालते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ चा अशा प्रकरणांत अनेकदा चुकीचा आधार घेतला जातो. त्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, पण कारवाई सेवानियमांनुसार होते, म्हणजे रोख शाळेतील मोठ्यांवर आहे. मुलांनी मुलाला दिलेल्या त्रासासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा पाहावा. तो केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा सर्वत्र समज आहे, परंतु शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्यात येते आणि संस्थेच्या आवाराबाहेर घडलेला प्रकारही येतो. चिडवणे, धमकावणे, इतकेच नव्हे तर खोडसाळ थट्टाही त्यात नमूद आहे. बाईंच्या व्याख्येत ‘पुन्हापुन्हा’ आहे; कायद्याला मात्र भीती किंवा लाज वाटायला लावणारी एक कृतीही पुरते.

बी-७०१
म्हणजे आता सातवीतल्या मुलांना तुरुंगात टाकायचे, असे आपण सुचवत आहात का? ए विंगमधील मंडळींना बी विंगमध्ये गुन्हेगार राहतात असे वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

बी-३०१
मी स्वतः बी विंगमध्येच राहते. पोलिसांचे नावही मी घेतलेले नाही. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक होते, एवढ्यासाठीच कायदा सांगितला. शाळा सीबीएसईची असल्याने मंडळाच्या मार्च २०१५ च्या सूचनांनुसार तेथे यासाठी समिती असायला हवी. बसबाबत २०११ च्या नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही असते. ताई, तक्रार दोन्हीकडे द्या. तारीख, वार, बसचा क्रमांक आणि नेमके उच्चारलेले शब्द लिहा. ‘खूप त्रास देतात’ असे लिहिलेला कागद फायलीत जाऊन पडतो.

ए-२०३
तोंडी दोनदा सांगून झाले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, की मुलाला थोडा धीट बनवा.

सी-४०२ (बाई)
हे वाचून मला लाज वाटली, कारण सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मीही असेच सांगत असे.

सी-५०४
हा विषय शाळेचा आहे.

ए-१०४
५०४, तुम्ही हे चौथ्यांदा लिहिले असते, तर बाईंच्या व्याख्येत बसला असता. आणि बस आपल्याच गेटवर थांबते. मी रोज तेथे वर्तमानपत्र वाचत उभा असतो आणि तो मुलगा सगळे चढेपर्यंत मागे रेंगाळतो, हे मी पाहिलेले आहे. त्याला चालढकल करायची सवय असेल, असे मला वाटले होते.

बी-७०१ (रात्री ८:१५)
मुलाला विचारले. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला की जागा अडवण्याची पाळी लावलेली आहे आणि शाळेत बाईंना सांगितलेस तर डबा खिडकीतून जाईल, अशी ताकीद तुमच्या मुलाला दिलेली आहे. सकाळचे माझे शब्द मी मागे घेतो. ताई, आत्ता मुलाला घेऊन आपल्याकडे येतो, तो माफी मागेल आणि दोघे हात मिळवतील.

सी-४०२ (बाई)
आज मुलाला नेऊ नका. बरोबरीच्या दोघांचे भांडण झाले असेल, तर हात मिळवणे ठीक असते. येथे त्या मुलाला स्वतःच्याच घरात, मोठ्यांच्या देखत, ‘चालेल’ म्हणावे लागेल आणि उद्या बसमध्ये त्याचीही नक्कल होईल.

बी-७०१
मग मी एकटाच येतो. तक्रारीत माझ्या मुलाचे नाव लिहावे लागेल, तेही बोलून घेऊ.

ए-२०३
साडेनऊनंतर या. तोवर तो झोपलेला असेल.