नागोयात लहान मुलीला घेऊन माझा वेळ कसा जाईल?

इंदिरानगरची आई
यजमानांना कंपनी दोन वर्षांसाठी जपानमध्ये नागोयाला पाठवतेय. मुलगी साडेतीन वर्षांची. घराची, बालवाडीची माहिती मिळाली, पण माझी काळजी वेगळी आहे. इथे नाशिकला संध्याकाळी तिला सासूबाईंकडे ठेवून मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणींबरोबर तासभर फिरते. त्या एका तासावर माझा दिवस निघतो. तिथे ना सासूबाई, ना मैत्रिणी, ना भाषा. मुलं लहान असताना तिथल्या बायका विरंगुळा म्हणून काय करतात? की घरातच असतात?

गंगापूर रोड
ताई, घरातच असतात हे चित्र जुनं झालं. दोघं कमावणारी घरं नव्वदच्या दशकातच तिथे एकट्या नवऱ्याच्या कमाईवरच्या घरांपेक्षा जास्त झाली.

मी योकोहामात सहा वर्षं होते. मुलाची बालवाडी, 'योचिएन', दुपारी दोनला सुटायची. माझी शेजारीण दर सोमवारी त्याला व तिच्या लेकीला सायकलवरून सोडायची आणि कराओकेला जायची. एकटीच! तासाच्या भाड्याने छोटी खोली मिळते, दिवसा दर कमी असतो. याला 'हितोकारा' म्हणतात. मला वाटायचं, बिचारीला कोणी नाही. मग तिनेच सांगितलं, घराच्या भिंती पातळ, मोठ्याने गाता येत नाही. एका श्रावणात मीही गेले आणि दार लावून मंगळागौरीची गाणी म्हटली. इतकं मोकळं मला तिथे कधीच वाटलं नव्हतं.

पाथर्डी फाटा
माझी बहीण ओसाकाला आहे. तिच्या ओळखीची एक आई आवडत्या गायकाच्या कार्यक्रमांना मुलीला घेऊन जाते, त्याचा छोटा पुतळा जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून फोटो काढते. 'ओशिकात्सु' म्हणतात. पण सगळं गोड नाही हो. नवरे रात्री उशिरा येतात, मूल एकटीनेच सांभाळायचं. त्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'वानओपे'. बाळंतपणाला मात्र आपल्यासारख्याच माहेरी जातात.

गंगापूर रोड
हे खरंय. म्हणून पहिल्या आठवड्यात पालिकेचं 'जिदोकान' शोधा. मुलांना खेळायला फुकट जागा, आणि तिथेच आया भेटतात.

इंदिरानगरची आई
गाण्यांची वही बॅगेत टाकली. आजच सासूबाईंकडून मंगळागौरीची उरलेली दोन गाणी लिहून घेते.