मदत हवी आहे : मुख्याध्यापकपदाचा प्रभार आणि स्वतःची प्रकृती
मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेत शिक्षिका असून गेल्या जूनपासून मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आहे. आमचा पट 96 असल्याने 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चार शिक्षक मिळतात; स्वतंत्र मुख्याध्यापक मात्र पट 150 च्या वर गेल्यावरच. त्यामुळे चौथीचा वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत भरायची माहिती आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा हे सारे मलाच पाहावे लागते. परवा भागाकार शिकवत असताना तांदळाची शिल्लक तातडीने कळवण्याचा निरोप आला. दर विद्यार्थ्यामागे 100 ग्रॅमचा हिशेब जुळवून, कोठीतली पोती मोजून परत आले, तर फळ्यावरचा भागाकार अर्धवट आणि मुले खिडकीत.

खरी अडचण वेगळीच आहे. सहकाऱ्यांना त्रास नको म्हणून मी बहुतेक कामे स्वतःकडे ओढून घेते, रात्री साडेदहापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पाहत बसते आणि आता डोकेदुखी व अपुरी झोप नित्याचीच झाली आहे. हा चांगुलपणा आहे की काम सोपवण्याची भीती, हे माझे मलाच उमगलेले नाही.

ज्यांनी असा प्रभार सांभाळला आहे, त्यांनी कृपया सांगावे : सेवाज्येष्ठ असूनही स्वतःहून प्रभार नाकारलेल्या सहकाऱ्याकडे, त्यांचा मान राखून, नोंदींचे काम कसे सोपवावे? आणि शाळा सुटल्यानंतरच्या निरोपांना दुसऱ्या दिवशी उत्तर देईन, हे वरिष्ठांना कोणत्या शब्दांत सांगावे?