वाळवंटातला वारा आणि घडीची कॅनॉपी: कशी टिकवावी?

निवांत_उंट (धागाकर्ता)
मंडळी, वाळवंटात काही दिवस मुक्कामाचा बेत आहे. आम्ही सहा जण, दोन गाड्या. सावलीसाठी ३ × ३ मीटरची घडीची कॅनॉपी आहे. तिच्यासोबत वीतभर लांबीच्या बारीक खुंट्या आल्यात, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. जमीन दोन प्रकारची आहे. पहिला मुक्काम कोरड्या तळ्याच्या कडक पात्रात, पुढचा भुसभुशीत वाळूत. दुपारी वारा सुटतो असं सगळेच सांगतात. ती उडू नये म्हणून काय करावं?
नवी कॅनॉपी किंवा नवा तंबू घ्यायचा नाहीये. खर्च दोर, खुंट्या, गोण्या एवढ्यापुरताच.

पाइपवाला
विकून टाका ती. घडीच्या कॅनॉपीचे पाय वाकत नाहीत, आधी वरच्या आडव्या पट्ट्या मोडतात, आणि एक मोडली की सगळा सांगाडा गेला. लोखंडी पाइप आणि कोपऱ्याचे जोड घेऊन स्वतः सांगाडा करा. माझा बघून शेजारच्या मुक्कामातले लोक मापं घेऊन गेले.

निवांत_उंट
धन्यवाद, पण नवीन घ्यायचं नाही असं लिहिलंय वर.

पाइपवाला
वाचलं. तरी सांगतोय.

बादलीबहाद्दर
इतकं काही नसतं हो. २० लिटरचे चार कॅन पाण्याने भरायचे, चार पायांना बांधायचे. आमची कॅनॉपी कधी हलली नाही.

ढोबळ_गणित
बादलीबहाद्दर, तुमच्याकडे वाराच नसेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किमीला दर चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा दाब येतो, ताशी ७२ ला २५ किलोचा. छत ९ चौरस मीटरचं आहे. ताशी ५० किमीचा झोत छताखाली शिरला आणि सगळा दाब वर लागला, तर शंभर किलोच्या पुढे जातो. तुमचे चार कॅन मिळून ८० किलो. प्रत्यक्षात सगळा दाब वर लागत नाही, मान्य, पण झोतही ५० वर थांबेलच असं नाही.

बादलीबहाद्दर
गणित कागदावर ठीक. अनुभव अनुभव असतो.

वाळूतली_मावशी
शिवाय पाणी पिणार आहात की बांधणार आहात? तिसऱ्या दिवशी कॅन अर्धे झालेले असतात आणि वारा तेवढाच असतो. वाळू फुकट आहे आणि पाण्यापेक्षा जडही आहे. २० लिटरच्या बादलीत कोरडी वाळू ३० किलोच्या आसपास भरते.
पण वजन नुसतं पायाशी ठेवू नका. पाय उचलला की वजन तिथंच राहतं आणि कॅनॉपी निघून जाते. बांधायचं, आणि तेही सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्यापासून दोर आणून.

खुंटीप्रेमी
लांब खुंट्या घ्या. सोबत आलेल्या फेकून द्या.

मुक्कामपोस्ट
+१, लांब खुंट्या.

सळई_आणि_घण
‘लांब खुंट्या’ म्हणून काय कळणार त्यांना? जमीन कुठली ते आधी बघा.

कडक पात्रासाठी १२ मिमीची बांधकामाची सळई, ६० सेंमीचे तुकडे, वरचं टोक आकड्यासारखं वाकवून घ्यायचं. वेल्डिंगवाला किंवा सेंटरिंगवाला पाच मिनिटांत करून देतो. घणाने ठोकायची, डोकं कॅनॉपीपासून बाहेर झुकलेलं ठेवायचं, म्हणजे दोर आणि सळई यांच्यात साधारण काटकोन होतो. काढताना सरळ उपसायला जाऊ नका, पाठ जाईल. आकड्यात दुसरी सळई घालून आधी गोल फिरवायची, सुटते.

वर आलेल्या टोकांवर जुना चेंडू किंवा प्लास्टिकची बाटली खोचा. रात्री नडगी फुटते ती वाऱ्याने नव्हे, सळईने.

खुंटीप्रेमी
कडक जमिनीत सरळ उभी ठोकलेली जास्त धरते. तिरकी ठोकताना भोक मोठं होतं.

सळई_आणि_घण
तुम्ही दोन फटके तिरके मारत असाल म्हणून होतं.

खुंटीप्रेमी
ठीक आहे. ज्याची त्याची सळई.

ड्रिलमास्तर
घण कशाला? बॅटरीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि जाड आट्यांचे फूटभर लांब स्क्रू. डोक्याखाली वॉशर आणि साखळीच्या दोन कड्या अडकवायच्या, दोर कडीला. घर्र् करून आत, घर्र् करून बाहेर. मी सगळा मुक्काम लावून खुर्चीत बसतो तोवर बाकीचे पहिलीच सळई ठोकत असतात.

निवांत_उंट
ड्रायव्हर नाहीये माझ्याकडे. पण मित्राकडे असावा. हे स्क्रू वाळूत चालतील का?

ड्रिलमास्तर
वाळूत नाही. कडक पात्रातच.

वाळूतली_मावशी
भुसभुशीत वाळूत स्क्रू, सळई, लांब खुंटी काहीच धरत नाही, कितीही लांब घ्या. वाळूत आडवं पुरायचं. पोत्यात वाळू भरा, तोंड बांधा, पोटाला मधोमध पट्टा गुंडाळा. गुडघाभर खोल खड्डा. पोतं कॅनॉपीकडून येणाऱ्या ओढीला आडवं झोपवा. मग पट्टा बाहेर येईल त्या बाजूला खड्ड्यापासून पृष्ठभागापर्यंत उतरती चर काढा. ही चर सगळे विसरतात. चर नसली की पट्टा आधी सरळ वर येतो आणि मग वळतो. वारा आला की तो वाळू कापत सरळ होतो आणि तेवढा तणावा, म्हणजे कॅनॉपीपासून आलेला ताणाचा दोर, ढिला पडतो. वरून वाळू टाकत पायाने तुडवत जा. पोतं नसेल तर फळीचा तुकडा किंवा आडवी खुंटीही चालते, धरतं ते वरच्या वाळूचं ओझं.
तणाव्याचा दोर थेट पुरू नका, पट्टाच पुरा. मुक्काम हलवताना दोर सोडता येतो आणि पोतं सावकाश उकरता येतं.

गाठोडं
वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.
दोराबद्दल कोणी बोललं नाही. नायलॉन ताणतो, पॉलिएस्टर कमी ताणतो, म्हणून पॉलिएस्टर. खुंटी कोपऱ्यापासून किमान कोपऱ्याच्या उंचीएवढ्या अंतरावर. त्याहून जवळ आणलीत की ओढ आडवी न राहता वर लागते आणि खुंटी उपसते. आणि सरकगाठ शिका, तासातासाला ताण द्यावा लागतो.

पाइपवाला
गाठी कशाला, दातेरी चाकाने आवळायचा रॅचेट पट्टा लावा.

गाठोडं
रॅचेटने घडीच्या कॅनॉपीचा सांगाडा तुम्हीच वाकवाल, वाऱ्याची गरज नाही. शिवाय रॅचेटमध्ये वाळू गेली की दात अडकतात.

पाइपवाला
पाइपचा असता तर वाकला नसता.

मुक्कामपोस्ट
आम्ही वाऱ्याच्या बाजूचे दोनच तणावे लावायचो, पुरायचे.

ढोबळ_गणित
आणि वावटळ आली की? स्वच्छ आकाश, भर दुपार, कसलीही सूचना नाही. वावटळ अंगावरून जाताना वारा एका दिशेने येऊन उलट दिशेने निघतो. तणावे चारही बाजूंनी हवेत, कोपऱ्याला दोन असतील तर उत्तम. कापड छत्रीसारखं फुगू देऊ नका, बाजूचे पडदे तर लावूच नका.

जाळीदार
कापडच कशाला? छताचं कापड काढा आणि रोपवाटिकेत लावतात ती शेडनेट ताणा, ७० ते ९० टक्के सावलीची. बराचसा वारा आरपार जातो, गरम हवाही वर निघून जाते. ताडपत्रीखाली बसलं की ताडपत्रीच तापून डोक्यावर झळ मारते. कडांना रिंगा नसल्या तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोर आवळा, फाटत नाही.
कॅनॉपीचे पाय सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवा. वाकून आत जावं लागलं तरी चालेल.

बादलीबहाद्दर
जाळीने पाऊस अडतो का?

जाळीदार
वाळवंटात?

बादलीबहाद्दर
पडतो कधी कधी.

सळई_आणि_घण
अवांतर, पण पावसावरून आठवलं: कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम टाकू नका. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं. उंच काठावर जा, वारा जास्त लागला तरी.

निवांत_उंट
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. कडक पात्रात सळया ठोकतो, कोपऱ्याला दोन तणावे, कॅनॉपीचे पाय खालच्या खाचेवर. कापड सकाळपुरतंच, वारा सुटायला लागला की पूर्ण उतरवणार. दुपारी दोन्ही गाड्यांच्या मधे कमरेच्या उंचीवर जाळी. वाळूच्या मुक्कामात कॅनॉपी उघडणारच नाही, तिथे नुसती जाळी आणि पुरलेली पोती.

खुंटीप्रेमी
म्हणजे सहा जण दुपारभर कमरेएवढ्या जाळीखाली आडवे?

निवांत_उंट
हो. झोपणारच आहोत.

ड्रिलमास्तर
एवढं करून रोज कापड चढवणार-उतरवणार? स्क्रू घ्या आणि विसरा.

पाइपवाला
थोडक्यात, कॅनॉपी कामाची नाही हे मान्य. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

निवांत_उंट
विकत नाहीये.

गाठोडं
जाळी गाडीला कुठे बांधणार? दाराच्या मुठीला आणि आरशाला नको. चाकाच्या रिममधून दोर घ्या किंवा ओढायच्या हुकाला. आणि स्टिअरिंगला एक चिंधी बांधून ठेवा, म्हणजे जाळी सोडायची राहिली असताना कुणी गाडी काढणार नाही.

मुक्कामपोस्ट
पोती प्लास्टिकची चालतील की तागाचीच हवीत?

वाळूतली_मावशी
प्लास्टिकची उन्हात ठिसूळ होऊन सुटतात, पण पुरलेल्या पोत्याला ऊन कुठलं? काहीही चालेल. निघताना उकरून, रिकामी करून परत न्या. तिथे पुरून येऊ नका.