आईला केअर होममध्ये ठेवलंय, आपण किती लक्ष घालायचं?

प्रश्न:
आईला डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) आहे, केअर होममध्ये ठेवून ४ महिने झाले. मी रविवारी दुपारी जाते, मधेआधे ताई फोन करते. स्टाफला विचारलं की सगळं ठीक म्हणतात, पण आई वाळत चाललीय आणि मी निघाले की रडते. जास्त विचारलं तर त्यांना लुडबुड वाटेल आणि तो राग आईवर निघेल अशी भीती वाटते. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १:
मी अशाच ठिकाणी ९ वर्षं काम करतेय म्हणून सांगते, लुडबुड अजिबात नाही. आमच्या फाईलमध्ये बीपी-शुगर असतं पण आईंना कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, कुठल्या कानाने ऐकू येतं, रात्री दिवा लागतो का, हे तुम्हालाच माहीत. कागदावर लिहून पलंगाजवळ लावा, रात्रपाळीच्या नवीन मुलीला फार उपयोग होतो. वजनाची नोंद मागा आणि एकदा जेवणाच्या वेळेत जा, माणूस बारीक झाला की कवळी सैल होते, मग चावता येत नाही आणि या आजारात ते सांगता पण येत नाही. आणि घरातल्या एकानेच आमच्याशी बोला, ताई एक सांगणार तुम्ही दुसरं, मग आम्ही कोणाचं ऐकायचं?

प्रतिसाद २:
माझे बाबा दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागले, तिथले म्हणाले आजार वाढलाय. मी दिवसाआड जायचो म्हणून पटेना, डिमेन्शिया असा दोन दिवसांत वाढत नाही हो. हट्टाने लघवी तपासायला लावली, इन्फेक्शन निघालं, औषधाने आठवड्यात बाबा पहिल्यासारखे झाले. अजून अंगावर काटा येतो.

प्रतिसाद ३:
रडण्याबद्दल सांगते, मोठा निरोप घेऊच नका, स्टाफपैकी कोणी त्यांना जेवायला न्यायला आलं की तेव्हा उठा. ‘मी कोण, ओळख’ असं विचारू नका, आठवलं नाही की त्या घाबरतात. केस विंचरा, हातापायाला क्रीम लावा. तेव्हाच टाचा आणि माकडहाडाची जागा बघून घ्या, लाल चट्टा दाबून फिका पडत नसेल तर लगेच नर्सला दाखवा, बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून-बसून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का बघा.

प्रश्नकर्ती:
काल जेवणाच्या वेळी गेले. कवळीच होती, वरची. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, ताईशी पण बोलले, आता फोन मीच करणार. कागद लिहायला बसलेय, एक पान पुरत नाहीये.