अनुभव धागा: नव्या अंकातलं तुमच्या टेबलावर काय उतरलं?

आपल्या रोल-प्लेइंग खेळांच्या (फासे टाकत, पात्रं घेऊन मिळून गोष्ट खेळायच्या) मासिकाचा नवा अंक परवा हातात पडला आणि सवयीने मी आधी मधलं पान उघडलं, कारण नकाशा तिथे असतो. या वेळी बुडालेला मठ आहे. तीन मजले, आणि सगळ्यांत खालचा मजला फक्त ओहोटीला मोकळा होतो. तासभर मी त्या एकाच पानावर होते. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, खाली उतरली, रेंगाळली आणि जिन्यावर पाणी चढायला लागलं तर काय होईल, एवढंच डोक्यात घोळत होतं. संपादकीय अजून वाचायचंय.

अंक कसा आहे ते बरेच जण लिहितीलच. मला इथे वेगळं वाचायचंय. या किंवा आधीच्या कुठल्याही अंकातली एखादी गोष्ट, मग तो राक्षस असो, नियम असो, नाहीतर नुसतं एखादं चित्र, तुमच्या खेळात आली तेव्हा काय झालं? छान होता, कंटाळवाणा होता, एवढ्यावर थांबू नका. डीएम (खेळ चालवणारे), खेळाडू, फक्त वाचणारे, सगळ्यांनी लिहा.

या छंदातली मासिकं पहिल्यापासून वाचकांच्याच जिवावर चालत आली आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये आला आणि १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे मासिक सुरू केलं. प्रत्येकाने आपापली पानं लिहायची, आधीच्या अंकातल्या लोकांना त्यातच उत्तरं द्यायची, आणि ती सगळी पानं एकत्र करून सगळ्यांना टपालाने जायची. आपणही तसंच करूया. वरच्याला उत्तर द्या आणि आपलं एक पान जोडा.

* * *

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी सुरुवात करतो.

मी राक्षसांचे लेख आधी वाचतो. जुन्या 'ड्रॅगन' मासिकात एप्रिल १९८३ च्या ७२ व्या अंकात पिअर्सरवर लेख आला होता. पिअर्सर म्हणजे गुहेच्या छताला सुळक्यासारखा लटकणारा आणि खालून कोणी गेलं की अंगावर पडणारा जीव. त्या लेखापासून एकेका राक्षसाचं राहणीमान सांगणाऱ्या लेखांची मोठी परंपराच पडली. मला ती पद्धत फार आवडते. आकडे कुठेही मिळतात. हा प्राणी उपाशी असला की काय करतो, हे कोणीतरी बसून विचार करूनच लिहावं लागतं.

नव्या अंकात दलदलीत दिवे दाखवून वाट चुकवणाऱ्या जिवावर तसा लेख आहे. त्यातली एक ओळ मी तशीच्या तशी उचलली: हा जीव माणसाच्या भीतीवर जगतो, म्हणून तो भक्ष्याला लगेच मारत नाही. शनिवारच्या सेशनमध्ये मी एकदाही 'इनिशिएटिव्ह टाका' (लढाईत आधी कोण, ते ठरवणारा फासा) म्हणालो नाही. पार्टी दीड तास चालत राहिली, एकच मोडकं झाड तीनदा लागलं. चकवा लागल्यासारखं सगळे गप्प झाले. शेवटी आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, मशाल विझवली आणि अंधारात बसून ती बाकीच्यांना गोष्ट सांगायला लागली. भीती संपली तसे दिवे एकेक करून निघून गेले. फासा एकदाही पडला नाही आणि मी पूर्ण अनुभव गुण दिले. हा उपाय लेखात नव्हता, माझ्याही मनात नव्हता.

* * *

वा! क्लेरिकच्या खेळाडूला माझा नमस्कार सांगा, दादा.

माझा अनुभव एका चुकीचा आहे. मासिकाचं नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका अंकातलं साहस मी चालवत होते. मजकुरात चौदाव्या खोलीचा उल्लेख दोन ठिकाणी होता, किल्लीही तिथलीच, पण नकाशात तेरानंतर थेट पंधरा. तयारी करताना ते माझ्या नजरेतून सुटलं, आणि खेळताना रॉगने (चोराचं पात्र खेळणाऱ्याने) विचारलं, "चौदावी खोली कुठे?" त्याच्या हातात तळघराची यादी होती आणि तीत चौदा लिहिलेलं होतं.

तेव्हा मला संपादकांचा खरोखर राग आला होता. नकाशा आणि मजकूर एकदा शेजारी ठेवून तपासणं हे अंकाचं किमान काम आहे, आणि हे मी आजही म्हणेन. पण टेबलावर पाच जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "ती खोली सापडत नाही. भिंत आहे." मग विझार्डने, म्हणजे जादूगाराने, मोजमापं घेतली, दोन भिंतींमध्ये दहा फुटांची जागा उरते असं काढलं, आणि पुढचे चार महिने आमचं कॅम्पेन (सलग चालणारी मोठी गोष्ट) त्या हरवलेल्या खोलीभोवती फिरलं. खोली कोणी पुसून टाकली? आत राहणाऱ्याला बाहेरचं जग आठवतं का? उत्तरं आम्ही मिळून शोधली. किल्ली अजून त्या रॉगच्या कॅरेक्टर शीटवर आहे.

बुडालेल्या मठाबद्दल एक सांगते, ताई. नकाशात जिने तीन ठिकाणी आहेत आणि विहिरीतून चौथी वाट आहे, हे फार बरं केलंय. एकाच रांगेतल्या खोल्या असल्या की खेळाडू फक्त पुढे सरकतात. खेळासाठी नकाशे रचणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांच्या नकाशांची आठवण झाली. त्यांचे डंजन (खोल्या-भुयारांचे तळघर) वळसे घेऊन पुन्हा स्वतःलाच मिळतात, वर-खाली जायला अनेक वाटा असतात, त्यामुळे कुठून जायचं हा खराखुरा निर्णय होतो. त्यांनीही कॉलेजात असताना १९७६ मध्ये 'द डंजनियर' नावाचं छोटं मासिक काढूनच सुरुवात केली होती. भरती आली की मठातल्या दोन वाटा बंद होतात. म्हणजे एकाच नकाशाचे दोन नकाशे झाले!

* * *

मी नुसता खेळाडू आहे, डीएम कधी झालो नाही. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पान २२ वरचा भटक्या राक्षसांचा तक्ता (वाटेत काय भेटतं ते फाशावर ठरवणारा) कृपया तसाच वापरू नका.

तो बारा बाजूंच्या एका फाशावर बसवलाय, म्हणजे प्रत्येक ओळीची शक्यता सारखीच, बारात एक. बाराव्या ओळीवर ड्रॅगन आहे. आमच्या डीएमने पहिल्याच रात्री तो तक्ता काढला आणि दुसऱ्या पातळीच्या, म्हणजे अजून कच्च्या, पार्टीसमोर ड्रॅगन आला. नियम नियम म्हणून आम्ही लढलो आणि माझी फायटर, म्हणजे माझं योद्ध्याचं पात्र, गेली. तिच्यासोबत मी दीड वर्ष खेळलो होतो. तिच्या वडिलांची ढाल तिने शेवटी विझार्डच्या अंगावर टाकली, म्हणून तो वाचला.

हाच तक्ता सहा बाजूंच्या दोन फाशांवर बसवला असता तर सातची शक्यता सहात एक झाली असती, आणि बाराची फक्त छत्तीसात एक, म्हणजे आताच्या एक तृतीयांश. मधल्या ओळींवर लांडगे, व्यापारी, पाऊस ठेवायचा. टोकांवर दुर्मिळ गोष्टी. असं केलं की त्या जंगलाला स्वभाव येतो. तिथे सहसा काय भेटतं ते खेळाडूंना हळूहळू कळतं, म्हणून वेगळं काही दिसलं की पोटात गोळा येतो. मी संपादकांना तसं पत्र लिहिलंय. डीएमशी भांडण नाही, तो जिवलग मित्र आहे. नवं कॅरेक्टर त्या फायटरची धाकटी बहीण आहे. ती ढाल आता तिच्याकडे.

* * *

वरच्या दादांशी पूर्ण सहमत. आमच्याकडे भेट झाली की लगेच लढाई असं नसतं. आधी दोन फासे टाकून समोरचा कसा वागतो ते बघतो. ड्रॅगन झोपलेला असू शकतो, त्याला बोलायला कोणी हवं असू शकतं. पण ढालीचं वाचून डोळे भरून आले.

* * *

माझा अनुभव लिहिणाऱ्या बाजूचा आहे. या अंकात पान ४१ वर जो राक्षस आहे, तो माझा.

तिसऱ्या प्रयत्नात आला. पहिल्या दोन वेळी परत आला, आणि दुसऱ्या वेळी संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) आणि हल्ले भरपूर आहेत, पण याला हवंय काय? मी पुन्हा बसले. तो आरशात राहतो, एवढंच आधी लिहिलं होतं. मग सुचलं की त्याला स्वतःचा चेहरा नाही आणि तो ज्याचा घेतो त्याच्याशी आयुष्यभर प्रामाणिक राहतो. चार विशेष शक्ती खोडल्या, एक ठेवली.

हे करताना मला 'व्हाइट ड्वार्फ'चा आधार वाटत होता. १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या मासिकात 'फिएंड फॅक्टरी' नावाचं सदर होतं, वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचं. गिथयांकी नावाचे राक्षस तिथूनच आले. चार्ल्स स्ट्रॉस यांनी ते किशोरवयात रचले, आणि १९८१ मध्ये 'फिएंड फोलिओ' हे राक्षसांचं पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर गिथयांकीच होता. आजही लोक त्यांच्याशी लढतात. माझा राक्षस कोणी टेबलावर आणला तर एवढंच सांगा, त्याने कोणाचा चेहरा घेतला?

* * *

बऱ्याच दिवसांपासून फक्त वाचत होतो. आज लिहितो.

माझा ग्रुप नऊ वर्षांपूर्वी सुटला. नोकऱ्या, मुलं, आजारपणं. भांडण काहीच झालं नाही. मी अंक घेत राहिलो. माझ्या कपाटात 'ड्रॅगन'चा शेवटचा छापील अंकही आहे, सप्टेंबर २००७ चा, क्रमांक ३५९. जून १९७६ पासून चालत आलेली गोष्ट तिथे थांबली, तेव्हा मला घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं. खेळ नसताना अंक वाचणं म्हणजे काय, हे इथे कोणाकोणाला माहीत असेल. नकाशा बघायचा, मनात दार उघडायचं, आणि आत कोणीच नाही.

या वेळी मुलीने बुडालेल्या मठाचं पान बघितलं. अकरा वर्षांची आहे. "इथून पाणी येतं का?" म्हणाली, आणि बोट विहिरीवर ठेवलं. मी फासे शोधायला गेलो. वीस बाजूंचा सापडला, बाकीचे नाहीत, म्हणून सगळं त्या एकाच फाशावर खेळलो. तिच्या कॅरेक्टरला अजून नाव नाही. काल रात्री ती दुसऱ्या मजल्यावर, आतून कुलूप लावलेल्या एका दाराशी थांबली आहे आणि ओहोटी संपायला थोडाच वेळ उरलाय. पान ४१ वाल्या ताई, त्या दारामागे मी आरसा ठेवलाय. आज रात्री ती दार उघडेल. कोणाचा चेहरा घेतो ते उद्या लिहितो.